एकाच टेबलावर बत्तीस वर्षं

‘उठा, नोकरी सोडा, स्वप्नामागे धावा’ असं लोकांना सांगून मी पोट भरतो. माझ्या भाषणात हमखास टाळी घेणारी एक गोष्ट होती, माझ्या थोरल्या भावाची. ‘आमचे दादा! तीस वर्षं पाणीपट्टीच्या कचेरीत, एकाच टेबलावर! स्वप्नं फायलीत घातली आणि वरून नाडी बांधली!’ सभागृह खदखदून हसायचं.

दादा निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात, मला न सांगता, भाषणाला येऊन बसला. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मला तो दिसला तेव्हा गोष्ट अर्धी सांगून झाली होती. आता थांबायची सोय नव्हती. नाडी बांधली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो दादाच.

नंतर बाहेर पायऱ्यांवर मी मान खाली घालून उभा राहिलो. तो म्हणाला, "छान बोलतोस रे. फक्त तीस नाही, बत्तीस वर्षं. आकडा तरी बरोबर सांगत जा."

त्यातली सात वर्षं, मी भाषणं नुकतीच सुरू केली होती तेव्हा, मला कुणी फुकटसुद्धा बोलवत नव्हतं. माझी बायकापोरं त्याच टेबलाच्या पगारावर जेवली. हे मी एकाही भाषणात सांगितलं नव्हतं.

गोष्ट मी अजून सांगतो. आकडा बत्तीस, आणि शेवट नवा: ‘तो बसून राहिला, म्हणून मी इथे उभा आहे.’

तिथे टाळी पडत नाही. खड्ड्यात गेली टाळी.