‘मीझल्स’चं एकवचन

कोतवालानं पुढे केलेला कागद मी उभ्याउभ्याच वाचला आणि लाल शाईचं पेन उघडलं. इंग्रजीत चार ओळी होत्या. पहिली ओळ, ‘मीझल्स आर इन वरची वाडी.’ मी ‘आर’भोवती गोल काढला, वर ‘इज’ लिहिलं, खाली शेरा मारला, ‘भाषा सुधारून पुन्हा सादर करावे.’ आणि कागद परत त्याच्या हातात दिला.

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. मुळशी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी क्लार्क होतो. कागद लिहिणारे बाबूराव आमचे व्हॅक्सिनेटर. देवी टोचत गावोगाव पायी फिरायचं हे त्यांचं काम, म्हणून लोक त्यांना देवीडॉक्टर म्हणत. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शिक्षण मराठी सातवी, इंग्रजी ऐकून-वाचून जमवलेलं. वाटेत कुठे साथ दिसली तर दवाखान्याला कळवायचं, हेही त्यांच्याकडेच. ते मराठीत लिहीत. मी त्याचं इंग्रजी करून आठवड्याच्या रिटर्नमध्ये, म्हणजे आजारांच्या तक्त्यात भरून पुण्याला पाठवत असे. मला त्याचा कंटाळा आला. ‘यापुढे इंग्रजीतच लिहीत जा,’ असं मी त्यांना सांगून टाकलं. डॉक्टरसाहेबांनी नव्हे. मी.

त्या ‘इज’चंही एक कारण होतं. महिन्यापूर्वी माझ्याच रिटर्नमध्ये मी ‘मीझल्स आर’ लिहिलं होतं. शब्दाच्या शेवटी एस आहे, तेव्हा अनेकवचन, असा माझा समज. पुण्याच्या वरिष्ठांनी रिटर्न परत पाठवला. ‘मीझल्स हे रोगाचं नाव आहे. रोग एक, म्हणून इज. क्लार्क मॅट्रिक आहे ना?’ डॉक्टरसाहेबांनी ते सगळ्या स्टाफसमोर वाचून दाखवलं. कंपाउंडर हसला. ते मला फार लागलं. त्यामुळे बाबूरावांचा कागद हातात आला तेव्हा मला वाडी दिसलीच नाही. ‘आर’ तेवढं दिसलं.

कोतवाल धोंडिबा कागद घेऊन तिथंच उभा राहिला.

“सायेब, पोरांस्नी गोवर आलाय. लई बेजार हायेत. तिगांस्नी तर दम लागतोय. डाक्टर कवा येत्याल?”

“साहेब मीटिंगला पुण्याला गेलेत. आणि कागद बरोबर झाल्याशिवाय मी तो त्यांच्यापुढे ठेवू शकत नाही.”

“कागदाचं ऱ्हाऊ द्या. मी त्वांडानं सांगतोय न्हवं?”

“तोंडी चालत नाही.”

हे खोटं होतं. तोंडी चालत असे. साप चावला, बाई अडली, तर कुणीही धावत येऊन सांगायचं आणि साहेब निघायचे. धोंडिबाला ते माहीत नसावं. तो कागदाची घडी घालून मुंडाशात खोचून गेला.

साहेब दुसऱ्या दिवशी परत आले. मी त्यांना काही बोललो नाही. सुधारलेला कागद आला की एकदमच ठेवू, असं मनाशी म्हटलं. वाडी धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगरात. बाबूराव तोवर पुढच्या गावांना टोचायला गेलेले. कागद त्यांना गाठेपर्यंत तीन दिवस गेले.

पाचव्या दिवशी ते स्वतःच आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. माझ्या टेबलावर त्यांनी नवा कागद ठेवला. अक्षर जपून काढलेलं. ‘मीझल्स इज इन वरची वाडी.’ मला आधी बरं वाटलं. ते मी लपवत नाही. मग खालच्या ओळी वाचल्या. नऊ पोरांच्या जागी आता अकरा लिहिलं होतं. शेवटी होतं, ‘टू चिल्ड्रेन एक्स्पायर्ड.’

“आता बरोबर आहे का बघा,” बाबूराव म्हणाले. टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं.

मी कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बाबूरावांकडून पहिलाही मागून घेतला. लाल गोल पाहिला.

“हा कधी आला?”

“पाच दिवस झाले.”

“त्यातले चार दिवस मी याच खुर्चीत होतो.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “पेनिसिलीन घ्या, इंजेक्शनच्या पिचकाऱ्या घ्या,” ते म्हणाले, “आणि तुम्हीही चला.”

वाटेत त्यांनी मला समजावलं, शाळेत सांगावं तसं. गोवराला औषध नाही, तो आपला आठवड्यानं उतरतो. पण तो अंगातली ताकद काढून नेतो. मग छातीत कफ धरतो, न्यूमोनिया होतो. पोरं त्यानं जातात. आणि न्यूमोनियाला पेनिसिलीन लागू पडतं. “वेळेवर दिलं तर,” ते म्हणाले.

वाडीत दारोदार कडुलिंबाचे डहाळे लावलेले. साहेब एका झोपडीत शिरले. तीन-चार वर्षांची पोरगी घरघरत होती. त्यांनी चुलीवर पिचकारी उकळायला लावली. मी बाहेर उभा होतो. शेजारच्या झोपडीतून एक बाई आली. तिचा मुलगा गेला होता. बाबूराव माझ्या मागेच होते.

“तुमीच का कागद बघनारं सायेब?” तिनं विचारलं.

“हो.”

“धोंडिबा म्हनला, कागदात चूक व्हती म्हनून माघारी आला. काय चुकलं व्हतं वो? आमाला काय कळंना.”

ती भांडत नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. काय सांगणार होतो मी? इज आणि आर?

“वाडीचं नाव चुकलं होतं,” मी म्हणालो.

तिनं माझ्यावरून नजर काढून बाबूरावांकडे पाहिलं. लिहिणारे तेच. बाबूराव काही बोलले नाहीत. ती घरात गेली.

घरघरणारी पोरगी वाचली. साहेब दोन दिवस तिथं राहिले, बाकीचीही उठली. मी आणि बाबूराव त्यांच्या एक दिवस आधी उतरलो. निम्म्या वाटेवर मी म्हणालो, “बाबूराव, माझं चुकलं.”

“ते वाडीत म्हणायचं होतं, साहेब,” ते म्हणाले आणि चालत राहिले.

मी परत फिरू शकलो असतो. फिरलो नाही. त्या वाडीत पुन्हा कधीच गेलो नाही.

साहेबांनी माझ्याविरुद्ध काही लिहिलं नाही. एवढाच हुकूम काढला की साथीची खबर कुठल्याही भाषेत, तोंडीसुद्धा, घ्यावी आणि इंग्रजी करण्याचं काम क्लार्कचं. पुढे पुण्यात एका वाचनालयात मी जाडजूड इंग्रजी डिक्शनरी उघडली. मीझल्सपुढे इज लावतात, तसंच आर लावणारेही आहेत, असं त्यात होतं. म्हणजे बाबूरावांचं पहिलंही चूक नव्हतं. हे मी त्यांना कळवलं नाही. ते रिटायर झाले, त्यांच्या पेन्शनचे कागद मीच केले, तेव्हाही नाही.

पुढे नोकरीत बरेच क्लार्क माझ्या हाताखाली आले. त्यांना मी एकच सांगत असे. कागद आला की आधी त्यात माणसं किती आहेत ते बघा, भाषा मागाहून. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मात्र मी विषय बदलत असे.