चिंचेने घासलेला दगड

दगडाचे पट्टे मळ समजून चिंचेने घासणारी एक अतिशहाणी सून आमच्या करडी गावात होऊन गेली, ती मीच. आज नात चिंच लावून समई घासत बसली होती, त्या आंबट वासाने सारं आठवलं.

माझं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं होतं. घरात कोणी तो विषय काढत नसे आणि मी दिसेल ते घासत सुटले होते. दाराच्या पायरीला चुनखडीचा दगड होता. एक पट्टा राखाडी, एक पांढरा, पुन्हा राखाडी. चिंच लागताच बारीक बुडबुडे आले. मला वाटलं, निघाला मळ!

कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकणारा दीर हसला. "वयनी, तुमी समुद्र घासून राहिल्या! उथळ पाण्यात चुन्याचा गाळ बसला, साचत साचत पाण्याच्या वर आला, वाळून भेगाळला. मंग समुद्र पुन्हा चढला, पुन्हा गाळ बसला. असे पट्ट्यावर पट्टे."

"दगडात कायचा समुद्र?" मी फणकारले आणि आणखी जोर लावला. पट्टे पार आतपर्यंत गेलेले होते, एवढंही मला कपाळकरंटीला दिसलं नाही.

सासूबाई तांदूळ निवडता निवडता उठल्या. त्यांचीही दोन लेकरं गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी माझ्या हातातला चोथा काढून घेतला, ओल्या दगडावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पाणी येते अन् जाते, पोरी. पण जाताना आपला थर ठेवून जाते. त्याले घासू नोको, राहू दे."