वाकड्या देठाची

माझी मावशी तीस वर्षं एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत वाळलेली रोपं कागदावर चिकटवत होती. हात असा की मुळाचा धागाही तुटायचा नाही. पण एक नंबरची हट्टी. रोप सरळ, देखणं असेल तरच कागदावर चढणार; वेडंवाकडं दिसलं की गेलं टोपलीत.

तिच्या दोन खोल्यांमागे झरा होता. नवा रस्ता झऱ्यावरून आणि खोल्यांवरून जाणार हे कळलं आणि ती हवालदिल झाली. आशा एकच होती. झऱ्याकाठी मोहरीच्या कुळातली, कडवट पानांची दोन रानरोपं उगवत, सख्ख्या बहिणींसारखी. एक कुठेही उगवणारी, तिच्या फुलात चार पुंकेसर. दुसरी दुर्मीळ, तिच्या फुलात सहा. दुसरी सापडली तर रस्ता वळवू, असं रस्त्याआधी तिथली झाडंझुडपं तपासणाऱ्या सरकारी तपासनीसबाईंनी कबूल केलं होतं.

मावशीने ओंजळभर रोपं उपटून संग्रहालयात नेली, दाबून वाळवली, त्यातली पाच चिकटवून पाठवली. बारीक केसर तिला आताशा दिसत नव्हते, आणि कुणाला मोजायला सांगणं म्हणजे कमीपणा. मी सांगून पाहिलं. तिने मलाच झापलं.

निकाल विरुद्ध गेला. तिला घेऊन मी तपासनीसबाईंकडे गेले. मावशी अक्षरशः गयावया करत होती. बाईंनी कागद पुढे सरकवला.

"पाचही रोपांत चारच केसर आहेत. आणि देठ बघा, सगळे सरळ. सहा केसरवालीचा देठ नागमोडी असतो."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही धावत झऱ्यावर गेलो, तर डंपर कालच येऊन गेले होते. सगळीकडे भराव. तिथून संग्रहालयात. टोपली अजून भरलेलीच होती. मी एक वाकडं रोप भिंगाखाली धरलं आणि मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच. मला रडू फुटलं. मी म्हटलं, चल, आत्ताच बाईंना दाखवू.

ती जागची हलली नाही. "टोपलीत दहा ठिकाणचा कचरा असतो. कुठून आणलं याची चिठ्ठी नसलेलं रोप कुणी पुरावा म्हणून धरत नाही. मीच शिकवलंय सगळ्यांना."

मग तिने कोरा कागद घेतला आणि ते रोप होतं तसं, वाकडंच चिकटवलं. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, ‘माझ्या घरामागे’.