आईच्या घागरीत ओवा

चहा आधी हातात घ्या. कारण मी केलेला गाढवपणा ऐकून तुम्ही हसणार, आणि मग तुमचं तुम्हालाच वाईट वाटणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर सणाला मी जे करून ठेवलं, ते अख्ख्या जळगावात दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही!

आमची आई पावसाळ्यात गेली. शेवटची काही वर्षं ती आमच्याच फ्लॅटमध्ये होती, आणि तिची सगळी इस्टेट म्हणजे ओव्याच्या पानांची एक कुंडी. घरात कोणी खोकलं की पान, पाहुणा आला की पानांची भजी. ती गेल्यावर मी त्या झाडाची एवढी काळजी घेतली, एवढं पाणी घातलं, की ते कुजलं!

हसा, हसा. शोभाही हसली होती. शोभा म्हणजे माझी बायको. हसली, आणि मग आत जाऊन डोळे पुसून आली.

शेंड्याकडच्या थोड्या काड्या तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या. त्या मी लोणच्याच्या बरणीत पाण्यात ठेवल्या आणि रोज सकाळी काचेला नाक लावून बघायला लागलो. एके दिवशी पांढऱ्या मुळ्या दिसल्या. रिटायर माणसाला दुसरं काय लागतं हो? हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीशी माझी बाग होतीच. आमच्या गॅलरीत एप्रिलमध्ये झाड ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याचा पापड होतो, म्हणून सगळा पसारा घरात. सेंद्रिय मातीची पिशवी आणली. गांडूळखत, कोकोपीट, निंबोळी पेंड... घरभर वास! फक्त कुंडी नव्हती, आणि प्लॅस्टिकची मला नको होती. आठवडाभर शोभाच्या मागे टुमणं लावलं, की मातीची एखादी आण ना बाजारातून.

घाई एवढ्यासाठी, की अक्का येणार होती. अक्का ही माझी थोरली बहीण, दोंडाईच्याला असते. आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि अक्काने आजवर एकही आखाजी चुकवली नव्हती. पण या वेळी फोनवर म्हणाली, "मध्या, माय गई. आते माहेर कसानं रे? यंदा मायकरता येसू. मंग काय मी येवाव नई."

फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसलो. साठीला टेकलेला माणूस मी, पण पोरकं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. ठरवलं, अक्काला आईचं झाड आपल्या घरात वाढताना दाखवायचं. ते बघायला तरी येत जाईल!

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी मी आंबे आणि खरबूज आणायला गेलो, तेवढ्यात अक्का येऊन पोचली. सकाळी उठतो तर काय, गॅलरीच्या कोपऱ्यात लाल, कोरं करकरीत मातीचं भांडं! बुटकं, तोंडाला रुंद. म्हटलं, आली वाटतं बायकोला दया!

स्वयंपाकघरात डोकावलो. शोभा पुरणात बुडालेली.

"गॅलरीतलं ते मातीचं घेऊ का मी?"

"घ्या. पण आंघोळ करून हात लावा."

"आंघोळ करून?"

"मग? आणि नीट धुऊन घ्या."

माझ्या बागेला जंगल म्हणणारी ही बाई, आणि आईच्या काड्या लावायला मला आंघोळ करायला लावते! अहो, डोळे भरून आले माझे. आंघोळ केली. भांडं धुतलं. ड्रिल मशीन काढलं आणि बुडाला चार सुबक भोकं पाडली. आत पुरणाचा मिक्सर, बाहेर माझं ड्रिल, कोणाला पत्ताच नाही. माती सैल भरली, बोटाने खड्डे केले, गुंतलेल्या मुळ्या हलक्या हाताने सोडवून एकेक काडी लावली. पाणी बेताने दिलं. वर टॉवेल टाकला आणि खिडकीशी ठेवलं. जेवणं झाली की अक्काला दाखवू!

आता तुम्ही म्हणाल, खानदेशातला माणूस तू, आखाजीला घरात कोरं मातीचं भांडं दिसलं तर ती घागर असते, एवढं कळू नये? गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी घागर भरतात, उन्हाळ्याचं त्याला पाणी मिळावं म्हणून. हे मलाही माहीत होतं हो! पण आमच्या वडिलांची, आबांची घागर देवघरापुढे मांडलेली मी सकाळीच पाहिली होती. दरवर्षी तेवढीच असायची. आई भरायची ती. आता आईच्या नावाचीही घागर येणार, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. इतके महिने झाले, तरी नव्हतं शिरलं.

दुपारी नैवेद्याची ताटं वाढली. अक्का कुंकवाची वाटी घेऊन देवघरापुढे बसली.

"शोभा, मायनी घागर आन ना."

"यांनी धुऊन ठेवलीय. अहो, आणा की."

"कुठली घागर?"

"सकाळी मला विचारून नाही का घेतलीत? अक्कांनी गाडीत मांडीवर ठेवून आणली ती!"

मांडीवर ठेवून! दोंडाईच्यापासून! माझी नजर खिडकीकडे गेली. अक्का उठली आणि तिने टॉवेल उचलला.

"मध्या," ती हळूच म्हणाली, "मायनी घागरमा झाडं लाई दिधात तू?"

"दुसरी आणतो! आत्ता आणतो!"

पायात चपला नाहीत, डोक्यावर टोपी नाही, तसाच पळालो. कोपऱ्यावरचा कुंभार गोणपाट गुंडाळत होता.

"घागरी सकाळीच संपल्या, काका. हे गल्ले राहिलेत."

"याला भोक आहे ना पण!"

"गल्ल्याला असतंच, काका."

चार भोकं पाडून आलेला मी, आणि त्याच्या मालाला नावं ठेवत होतो!

भाजलेले तळपाय घेऊन परत आलो. अक्का घागर मांडीवर घेऊन बसली होती. ओव्याचं पान चुरडून नाकाशी धरलेलं, आणि डोळ्यांतून धारा. आई गेली तेव्हा अक्का सगळ्यांना सावरत होती, स्वतः रडलीच नव्हती. मी शेजारी बसलो. या उन्हाळ्यात आई तहानलेली राहणार, माझ्यामुळे, एवढंच मनात येत होतं. आम्ही दोघं म्हातारी माणसं लहान पोरांसारखी रडलो.

"काड्या काढू का, अक्का?"

"काढू नको. मायना हातले असाच वास ये." तिने नाक पुसलं. "हाईज घागर भरसूत."

शोभाने कणकेने भोकं बुजवली. अक्काने पाणी ओतलं. कणीक टिकली, अगदी कुंकू लावेपर्यंत, मग सुटली! घागर तर भरलेली दिसायला हवी. मी एका हाताने तांब्यावर तांबे ओततोय, दुसऱ्या हाताने घागरीवर ठेवायचं खरबूज धरून उभा, शोभा खाली परात सरकवतेय, काड्या तरंगतायत, आणि ते काळं सेंद्रिय पाणी आबांच्या घागरीला वळसा घालून सोफ्याखाली चाललंय! पुरणपोळीच्या वासावर निंबोळी पेंडीचा वास. शेवटी रडता रडता अक्कालाच हसू फुटलं.

"पुरे रे भो! इतलं पानी मायनी आख्खा जनममा पिधं नई!"

दुसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलायला लागली तेव्हा कुठे माझा धीर झाला.

"अक्का, पुढच्या आखाजीला...?"

"येसू ना," अक्का खिडकीतून ओरडली, "येनंच पडी! तुन्हा भरोसावर ऱ्हायनी, ते माय आखो एकदाव मरी जाई, तहाननी!"