काही अडलं तर मी दौंडला आहे

हुसेनमामांच्या संगणकापुढे दोन खुर्च्या असत. एकीवर ते बसत आणि दुसरीवर कुणीच बसत नसे. मामी झाडताना ती उचलायला गेल्या की मामा म्हणत, "ऱ्हाऊ दे. माणसं येत्यात." माणसं येत ती लातूरहून, कोल्हापूरहून, एखादा दुबईहूनसुद्धा, पण सगळी पडद्यावर. त्यांच्यापैकी एकही त्या खुर्चीवर बसायला येणार नव्हता. तरी नवं माणूस आलं की मामा आधी फडक्यानं ती खुर्ची पुसत आणि मग टाइप करायला घेत.

इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे. तो विद्वानांचं मंडळ लिहीत नाही, तुम्ही आम्ही लिहितो. कुणीही खातं उघडावं आणि आपल्याला ठाऊक असलेलं लिहावं. नवीन माणसाच्या पानावर स्वागताचा एक तयार मजकूर चिकटवायची तिथं पद्धत आहे. त्यात नियमांची इतकी लांबलचक जंत्री असते, की वाचणाऱ्याला आपण लिहायला आलोय की चौकीत, असा प्रश्न पडावा. मामा तो मजकूर वापरत नसत. एका बोटानं, ऱ्हस्वदीर्घाची वाट लावत, दर वेळी स्वतः लिहीत, चुका वगळून असं: "या. बसा. घाई नाही. काही अडलं तर मी दौंडला आहे." दुबईच्या माणसाला दौंड कुठं आणि तिथं जाऊन करायचं काय, हे कळत नसेल. पण कुणीतरी कुठंतरी आहे, एवढं नक्की कळत असणार.

मामांची सगळी नोकरी दौंड स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागं गेली. नगरकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन तिथं काढून दुसऱ्या टोकाला लावत. गाडी आली त्याच दिशेनं परत निघणार असं वाटे. नवखा प्रवासी घाबरून खिडकीशी धावे. मामा म्हणत, "गाडी म्हागारी न्हाई चालली. इंजिन फिरलंय. जा, बसा जागेवर." आता बऱ्याच गाड्या दौंडात न शिरता बाहेरूनच जातात. मामाही निवृत्त झाले आणि त्यांचं वाक्य बिनकामाचं झालं असतं. पण कोशात त्याला नवीन काम मिळालं.

माझी त्यांची ओळख त्याच वाक्यानं झाली. मी मूळची इनामगावची. कारेगावात खोली घेऊन राहते आणि कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर लोकांचं काम नापास करते. गावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर जुनं उत्खनन झालं होतं आणि माझे आजोबा तिथं मातीच्या टोपल्या वाहायला होते. कोशातल्या गावाच्या लेखात मी हौसेनं लिहिलं, "आमच्या आजोबांनी येथे काम केले." तासाभरात निरोप आला: संदर्भ नाही, आपले संपादन उलटवले आहे. 'उलटवले' हा तिथला साधा रोजचा शब्द, पण मला कुणी जेवत्या ताटावरून उठवल्यासारखं वाटलं. खातं बंद कसं करायचं ते शोधत होते, तेवढ्यात माझ्या पानावर मामांची ओळ उमटली: "गाडी मागे गेली नाही. इंजिन फिरलंय. इनामगाव म्हंजे शेजारच की. सुट्टीला चहाला या."

मी गेले. मामांनी फडकं मारून ती खुर्ची पुढं केली. मामींना म्हणाले, "बघा. आलं का न्हाई कुणीतरी?" मामी म्हणाल्या, "आली, पन तुमच्या कोशासाठी न्हाई, चहासाठी आली." चहा झाल्यावर मामांनी विचारलं, "आजा व्हता का तिथं?"

"होता, मामा."

"मग व्हता. कोशात न्हाई म्हनून मानूस नव्हता आसं व्हत न्हाई. छापलेलं कुठं घावतंय का बघ. तवर नदीचं लिही."

घोड नदीवर मी लिहिलं, ते टिकलं आणि मीही टिकले. आजोबांचं छापलेलं अजून सापडलेलं नाही.

मामांनी स्वतः लिहिलेले लेख मात्र कुणाला दाखवू नयेत असेच होते. दौंडवर लिहायला बसले तर दुसऱ्या वाक्यातच फलाटावरच्या भज्यांवर घसरत. मी चेष्टा केली की म्हणत, "लिहनारे लई हायेत, पोरी. दारात कोन बसतंय? घरात पंगत चालूय आन् दारातला पाव्हना हुबाच, आसं नसावं."

मग त्यांच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. बोटं सुजत, टाइप करता येईना. नवी माणसं तर रोज वाढत होती. कोशातल्या मंडळींनी चर्चा करून ठरवलं, की स्वागताचं काम यंत्राकडे द्यावं. अशा आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला तिथं सांगकाम्या म्हणतात. त्यांचंही चूक नव्हतं, कुणाच्याच स्वागताला माणूस पुरत नव्हता. मी मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं. "सांगकाम्याच तो," म्हणाले. "सांगितल्याबिगर पानी द्यायचा न्हाई."

मध्ये काही महिने ते दवाखान्यातच होते. परत आले, संगणक लावला, तर पासवर्ड आठवेना. खातं उघडताना ईमेल कुठला दिला होता, तेही आठवेना. शेवटी त्यांनी नवीन खातं काढलं आणि पुढच्या क्षणी सांगकाम्यानं हुसेनमामांचंच स्वागत केलं: नमस्कार, आपण नवीन दिसता, कृपया नियम वाचा. मला फोन करून त्यांनी तो सगळा मजकूर वाचून दाखवला. हसत होते, पण हसण्यात धाप होती.

त्याच नव्या खात्यातून ते सुजल्या बोटानं पुन्हा लोकांना 'या, बसा' एवढंच लिहू लागले. दोनच दिवसांत त्यांच्या सगळ्या ओळी उलटवल्या गेल्या. खाली ताकीद होती: आपण स्वतः नवीन आहात, इतरांच्या पानांवर असंबद्ध मजकूर टाकू नये. ताकीद देणारी मुलगी अकोल्याची. तिला कोशात मामांनीच बसवलेलं होतं, पण हे नवं खातं त्यांचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तडक दौंडला गेले आणि तिला आता सगळं लिहून कळवते म्हणाले. मामांनी माझा हात धरला.

"काय सांगू नगं. चांगली पोर हाय, आपुनच बसवलीय. राखन करतीय म्हंजी दारात कुनीतरी हाय."

"मामा, तिनं तुम्हालाच बाहेर काढलं."

"इंजिन फिरलंय," ते म्हणाले. पण या खेपेला 'जा, बसा' म्हणाले नाहीत. म्हणाले, "राखन व्हईल गं. पन पानी कोन देनार? तू बसशील का?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही.

खोलीवर आल्यावर मी त्यांचं नवं पान उघडलं. वर सांगकाम्याचं स्वागत, खाली ताकीद. त्याखाली मी लिहिलं: "या मामा. बसा. घाई नाही. काही अडलं तर मी कारेगावला आहे."

मग आमच्या कंपनीत ऑडिट लागलं. शिफ्टमध्ये फोन गेटवर ठेवावा लागतो आणि शिफ्ट संपल्यावर कशातच जीव नसायचा. एका दुपारी गेटवर फोन परत घेतला, तर मामींचे बरेच कॉल येऊन गेले होते. मी पोचले तेव्हा कब्रस्तानातून माणसं परत आली होती. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून रडल्या, मीही रडले.

"परवा सुई लावलेली, तरी दुसऱ्या हातानं फोनवर काय तरी करीत व्हते," मामी म्हणाल्या. "म्या म्हनलं, पडून ऱ्हावा. तर म्हनले, कुनीतरी बोलावलंय, न्हाई कसं म्हनू."

निघताना त्यांनी ती खुर्ची माझ्यापुढं ठेवली. "घिऊन जा. हितं आता कोन येतंय?"

प्लास्टिकची खुर्ची घेऊन मी शिरूरच्या एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "ताई, सीट न्हाई, पन तुमच्याकडं हाय की." लोक हसले. मला त्याचा राग आला नाही, मामा असते तर तेच सगळ्यात मोठ्यानं हसले असते.

खोलीवर आल्यावर खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ठेवली, तिच्यावर पिशवी टाकली आणि संगणक लावला. मामांच्या पानावर माझ्या ओळीखाली परवाच्या दिवशीचं उत्तर होतं. एकच शब्द, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीला जागाच नसलेला.

"बसलो."

मी खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.