मोत्याचा भोंगा

काल फरशीवर फिनाईल टाकलं आणि त्या वासाने मला थेट कोराडीच्या आमच्या क्वार्टरमध्ये नेलं.

बाबा तिथल्या वीज केंद्रात कामाला होते. मी आठवीत असताना त्यांनी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं, मोत्या. आईने बजावलं, "आठ दिवसांत बाहेर जायले शिकलं नाही, तर जिथून आनलं तिथंच सोडून द्या."

बाबांनी त्याला शिफ्टच्या भोंग्यावर शिकवलं. भोंगा झाला की मोत्याला उचलायचं आणि राखेने पांढरट झालेल्या कडुलिंबाखाली शू करायला ठेवायचं. पिल्लू पटकन शिकलं.

आठव्या दिवशी दार बंद होतं. भोंगा झाला. मोत्या शहाण्यासारखा उठला आणि बाबांच्या कामावरच्या बुटातच मोकळा झाला. आई फिनाईलची बाटली घेऊन धावली.

"त्याले काहून रागावून राहिली वं?" बाबा म्हणाले. "मी भोंगा शिकवला, झाड शिकवलंच नाही."

आईला हसू फुटलं. मोत्या राहिला.

बाबा आता शहरात माझ्याकडे असतात. दर दोन तासांनी त्यांना बाथरूमला न्यायचं म्हणून मी मोबाईलवर अलार्म लावते. काल तो वाजायच्या आधीच खुर्चीखाली ओल पसरली. बाबा मान खाली घालून बसले.

"तुमची चूक नाही बाबा," मी फरशी पुसत म्हटलं. "माझाच भोंगा उशिरा झाला."

त्यांनी वर बघितलं.

"मंग, मले ठेवशीन ना घरात?"