आसालीच्या हातातला दोर

समुद्री लुटारूंच्या बालांगिंगी बेटावर आसालीसारखा आकडा टाकणारा दुसरा नव्हता. लोखंडी आकडा दोराला बांधून तो असा भिरकवायचा, की शत्रूच्या गलबताच्या कठड्यात रुतलाच म्हणून समजा. मग त्याने खालच्या होडीत दोर ताणून धरायचा आणि भालेवाल्यांनी सरसर वर चढायचं.

त्या दुपारी वारा अगदी पडला होता. फिरंग्यांचं एक गलबत शिडं लोंबकळत उभं होतं. तोफांचा मारा पोचत नाही अशा मागच्या अंगाने होडी त्याला भिडली. तरी वरून ना गोळी, ना आरडाओरडा.

"घाबरून पळाले वाटतं!" तुंगाल हसला. तो आसालीच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"पळतील कशातून? त्यांची होडी तर तिथंच टांगलीय." आसालीने नाखव्याकडे पाहिलं. "नाखवा, मला हे बरं दिसत नाही. थोडं थांबू."

"म्हातारा झालास का रे? टाक मुकाट्याने!"

आसालीने आकडा टाकला. माणसं वर गेली. मग धपाधप पडल्याचे आवाज आले. फळ्यांवर तेल ओतून ठेवलं होतं. पाठोपाठ बंद खोल्यांच्या भोकांतून बंदुका कडाडल्या.

तुंगाल तेवढा कठड्यापर्यंत सरपटत आला आणि दोराला लोंबकळला.

"भावजी, सोडू नका!"

"नाही सोडत! ये!"

तेवढ्यात कठड्यावरची छोटी फिरती तोफ खाली वळताना नाखव्याने पाहिली. त्याने पुढे झेपावून दोरावर कोयता घातला. तुंगाल गलबत आणि होडी यांच्या फटीत पडला. होडी गलबताला घासली आणि पाणी लाल झालं.

घरी बायकोने एकच विचारलं, "दोर कोणाच्या हातात होता?"

"माझ्या," आसाली म्हणाला. कोयत्याचं त्याने सांगितलंच नाही.

पुढच्या मोसमात नाखव्याचं बोलावणं आलं. आसाली जाणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं होतं. तो गेला आणि आपल्या नेहमीच्या जागी बसला. नाखवा मात्र बेट दिसेनासं झाल्यापासून त्याच्याकडे पाठ करून एकदाही बसला नाही.

ती होडी परत आली, तेव्हा सुकाणूवर आसाली होता. नाखवा कुठाय, असं किनाऱ्यावर कोणीच विचारलं नाही.